लोण्याच्या मुलखातला नाताळ



परमुलखात गेले की तिथली पिके पाहायची, गुरे पाहायची आणि जमले तर एखाद्या शेतकऱ्याच्या चुलीपाशी घटकाभर बसून यायचे, ही माझी जुनी खोड. नोकरीच शेती विस्ताराची, त्यामुळे ती सुटत नाही. गेल्या डिसेंबरात आम्हा उभयतांना आयर्लंडला जाण्याचा योग आला. आमची मुलगी तिथे कॉर्क शहरात नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहून नाताळ पाहिला. देवळे, राजवाडे, समुद्र यांची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. मी तुम्हाला तिथल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात नेणार आहे.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. त्यातला स्वतंत्र देश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान. डब्लिनहून कॉर्क अडीचशे किलोमीटर. त्या सगळ्या वाटेवर मी खिडकीला नाक लावून बसलो होतो आणि दिसत काय होते, तर गवत. हिरवेगार, दाट गवत आणि त्याला दगडांचे किंवा झुडपांचे बांध. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि थंडी असली तरी बर्फ क्वचितच टिकते. धान्य पिकून वाळायला जे कडक ऊन लागते ते नाही, पण गवताला मात्र स्वर्ग. म्हणून तिथला शेतकरी मुख्यतः गाईवर जगतो.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. नाताळ तोंडावर आला असताना बहुतेक गाई आटलेल्या! तिकडे गाई वसंत ऋतूत विणे साधतात, म्हणजे वासरू झाले की समोर ताजे गवत तयार. उन्हाळाभर दूध, आणि थंडीत गाई गोठ्यात, आटवलेल्या. चाऱ्याचा खर्च वाचवण्याचा हा हिशेब जुनाच आहे. त्यामुळे पूर्वी उन्हाळ्यातले लोणी मीठ घालून साठवावे लागे, आणि नाताळच्या ताटात तेच येई.

या खारवलेल्या लोण्यानेच कॉर्क शहर मोठे झाले. शहरात शँडन नावाचा चढाचा भाग आहे. तिथे १७७० साली लोण्याचा बाजार सुरू झाला आणि तो १९२४ पर्यंत चालला. आसपासच्या डोंगराळ भागातून शेतकरी लाकडी पिंपांत लोणी भरून घोड्यावर, गाडीवर घालून आणत. बाजारात तपासनीस पिंपातले लोणी काढून पाहत, वास घेत, दर्जा ठरवत आणि मग शिक्का मारत. ज्याला आपण आज प्रतवारी म्हणतो तीच ही. कॉर्कचे लोणी गलबतांतून पार वेस्ट इंडीजपर्यंत जाई. आज तिथे लोण्याचे संग्रहालय आहे. तिथली लाकडी रवी आणि घुसळणीची भांडी पाहून आमची मंडळी म्हणाली, "अहो, हे तर माझ्या आजोळचंच वाटतंय."

हे लोणी काढीत कोण? घरची बाई. धार काढणे, साय विरजणे, घुसळणे, धुणे, मीठ लावणे हे सारे तिच्या हातचे. आणि ते खाई कोण? तिच्या घरात फारसे कोणी नाही. लोणी विकून जमिनीचा खंड भरायचा, आणि घरात राही ते ताक आणि बटाटा.

इथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून तिथली चूल समजत नाही. गरीब आयरिश माणूस जवळजवळ एका बटाट्यावर जगत होता, आणि तोही बहुधा 'लंपर' नावाच्या एकाच वाणाचा. १८४५ साली त्यावर करपा आला. आपल्याकडे बटाट्यावर आणि टोमॅटोवर ढगाळ हवेत जो उशिराचा करपा येतो, तोच रोग. बोर्डो मिश्रणाचा शोध लागायला अजून चाळीस वर्षे अवकाश होता. पुढची चार वर्षे दुष्काळाची गेली. सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. आणि त्याही वर्षांत धान्य नि लोणी देशाबाहेर जातच होते. १८४१ साली त्या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही ती तेवढी झालेली नाही. एकाच वाणावर आणि एकाच पिकावर विसंबू नका, असे मी तुम्हाला शिवारफेरीत किती वेळा सांगितले असेल! त्या देशाने ते फार मोठी किंमत देऊन शिकले.

आता चुलीकडे वळू. मुलीच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीचे आईवडील मॅक्रूम गावाजवळ शेती करतात. कॉर्कपासून हे गाव सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेला. त्यांच्या गोठ्यात सत्तर गाई. नाताळच्या तीन दिवस आधी त्यांनी आम्हाला बोलावले. दुपारी साडेचारलाच अंधार पडला होता. खिडकीत एक जाड मेणबत्ती तयार ठेवलेली. नाताळच्या आदल्या रात्री ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने लावतात. वाटसरूला घर उघडे आहे, असा तिचा अर्थ.

घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. ताठ कण्याच्या, हसऱ्या. आम्ही शेतकऱ्याकडचे आहोत हे कळताच त्यांनी आम्हाला बैठकीतून उठवून सरळ स्वयंपाकघरात नेले, आणि आमच्यासमोर सोड्याची भाकर केली. इंग्रजीत तिला सोडा ब्रेड म्हणतात. खमीर नाही, रात्रभर भिजवणे नाही. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक, एवढ्यावर काम.

याचे कारण शेतीतच आहे. त्या ओलसर हवेत होणारा गहू मऊ असतो आणि त्याच्या पिठाला चिकटपणा कमी. खमिराचा पाव चांगला फुगायला चिकट पीठ लागते. १८३० नंतर तिकडे खायचा सोडा मिळू लागला आणि बायकांना युक्ती सापडली. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि भाकर फुगते. ताक तर लोणी काढल्यावर घरात उरलेलेच. भट्टीही लागत नसे. तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात भाकर ठेवायची, झाकणावर निखारे आणि खालीही निखारे. आमच्या कोकणातल्या भगिनी धोंडस करताना वरखाली विस्तव ठेवतात, अगदी तसेच.

कृती सांगतो, करून पाहा. निम्मी कणीक व निम्मा मैदा मिळून साडेचारशे ग्रॅम पीठ घ्या. त्यात एक सपाट लहान चमचा खायचा सोडा व एक चमचा मीठ घालून पीठ चाळून घ्या. मधे खळगा करून साडेतीनशे ते चारशे मिलिलीटर आंबट, दाटसर ताक ओता आणि बोटांनी हलकेच गोळा करा. आपल्या हाताला कणीक मळायची सवय, पण इथे मळायचे नाही. मळले की भाकर दगड होते. दोन बोटे उंचीचा गोल थापा आणि सुरीने वर खोल फुली मारा, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही. ओव्हन असल्यास २३० अंशांवर पंधरा मिनिटे, मग २०० अंशांवर अर्धा तास. खाली टिचकी मारून पोकळ आवाज आला की झाली. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात वाळू पसरून, त्यावर ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर तासभर ठेवा आणि शेवटी उलटून दहा मिनिटे द्या. सोडा जास्त पडला तर भाकर पिवळी पडते आणि साबणासारखी लागते, तेव्हा हात आखडता ठेवा. सोडा ताकाला लागताच काम सुरू होते, म्हणून गोळा करून ठेवू नका, लगेच भाजायला घाला.

गरम भाकरीवर लोण्याचा गोळा विरघळत होता. आमच्या मंडळींनी दोन तुकडे खाल्ले आणि आजीबाईंना दशमीची कृती सांगितली. मुलगी दुभाषी. दोघींची गट्टी जमली.

नाताळचे ताट मात्र एका दिवसात होत नाही. फळांचा केक ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भाजून ठेवतात आणि मुरण्यासाठी त्यावर अधूनमधून व्हिस्कीचे चार थेंब सोडतात. दुसरे पुडिंग. बेदाणे, मनुका, मसाले, पावाचा चुरा आणि चरबी असे एकत्र करून पूर्वी फडक्यात बांधून तासन् तास उकडत. आजीबाईंच्या फडताळातला बेदाणा पाहून मला आपले तासगाव आठवले. नाताळच्या आदल्या दिवशी जुन्या रीतीने मांस वर्ज्य. त्या दिवशी खारवून वाळवलेला लिंग मासा, पांढऱ्या सॉसमध्ये, उकडलेल्या बटाट्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी मेजवानी. पूर्वी बदक जातीचा मोठा हंस भाजत, पोटात बटाट्याचे सारण भरून. आता बहुतेक घरी टर्की असते. कॉर्कची खासियत म्हणजे मीठ व मसाल्यांत मुरवलेले गोमांस. कॉर्कमध्ये १७८८ सालापासून चालत आलेल्या इंग्लिश मार्केटात त्याची दुकाने पाहिली. आम्ही ते खाल्ले नाही, पण त्यावर चोळलेल्या मिऱ्या-लवंगांचा वास ओळखीचा होता.

मी आजीबाईंना विचारले, "बेदाणे, साखर, चहा, मसाला, यातलं काहीच तुमच्या शेतात पिकत नाही. मग तुमच्या आईला हे कसं परवडे?"

त्या म्हणाल्या, "कोंबड्यांवर."

मग त्यांनी सगळे सांगितले. अंडी विकून येणारा पैसा घरधनिणीचा. दुकानदार अंडी घेई आणि त्या हिशेबात चहा-साखर देई. उन्हाळ्यापासून ती टर्कीची पिले वाढवी आणि डिसेंबरच्या बाजारात विकी. त्या पैशातून नाताळचा बाजार, मुलांचे बूट, खिडकीतली मेणबत्ती. वर्षभर उधारी चुकवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार त्या दिवशी केक किंवा मोठी मेणबत्ती भेट देई. "आमचा नाताळ माझ्या आईच्या पदरातून येई," असे काहीसे त्या बोलल्या.

"आणि लोण्याचा पैसा?" मी विचारले.

त्या हसल्या. "तो गाडीवर बसून क्रीमरीत गेला."

क्रीमरी म्हणजे दूध संकलन करून लोणी काढणारी डेअरी. १८८९ साली लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलहर गावी तिथली पहिली सहकारी डेअरी निघाली. होरेस प्लंकेट या गृहस्थांनी सहकाराची ही चळवळ देशभर नेली. डेअरीत लोणी एकसारखे, स्वच्छ होऊ लागले. डेन्मार्कच्या लोण्याशी टक्कर देता आली. बाईचे घुसळण्याचे कष्टही वाचले. मी सहकाराचा माणूस, मला हे सारे पटते. पण एक गोष्ट झाली. सकाळी दुधाच्या बरण्या गाडीवर घालून पुरुष डेअरीत जाऊ लागला आणि पैसे त्याच्या नावावर निघू लागले. गाईची धार कित्येक घरी बाईच काढीत राहिली. येताना गाडीतून वासरांसाठी, डुकरांसाठी मलई काढलेले दूध परत येई. लोण्याचा पैसा तिच्या हाती परत आला नाही. तिला उरल्या त्या कोंबड्या.

वाचकहो, खरे सांगतो, हे ऐकताना मला खुर्चीत चुळबुळ झाली. तीस वर्षांच्या नोकरीत दुभत्या जनावरांच्या योजनांचे किती अर्ज मी भरून घेतले असतील! 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात पुरुषाचे नाव लिहिताना माझा हात कधी थांबला नाही. गोठ्यात शेण भरणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाई समोर चहाचा कप घेऊन उभी असे. तिला मी विचारी, "म्हैस किती देते?" आणि सही मात्र दुसऱ्याची घेई.

तिथल्या बायका स्वस्थ बसल्या नाहीत, हेही सांगायला हवे. १९१० साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री गावी ग्रामीण महिलांची संघटना निघाली. तीच पुढे आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन झाली. खेड्यांत वीज न्यायची योजना तिथे १९४६ साली सुरू झाली. नळाचे पाणी त्याहून रेंगाळले. पट्टी वाढेल म्हणून काही शेतकऱ्यांनी कुरकुर केली, पण विहिरीवरून बादल्या वाहणाऱ्या बायकांनी नळाचा आग्रह सोडला नाही. आजीबाई स्वतः त्या संघटनेत होत्या. "आमच्याकडे आधी गोठ्यात नळ आला आणि मग स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे पाहून डोळे मिचकावले.

आणखी एक नाव सांगतो. कॉर्क परगण्यातल्याच शानागॅरी गावाजवळ मर्टल अ‍ॅलन नावाच्या शेतकऱ्याच्या पत्नी होत्या. त्यांनी १९६२ साली शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात पाककृती लिहायला सुरुवात केली आणि १९६४ साली आपल्या राहत्या घरीच खाणावळ उघडली. आपल्या शेतातले, शेजाऱ्याच्या मळ्यातले, जवळच्या बंदरातले जे त्या दिवशी ताजे असेल तेच वाढायचे, हा नेम. २०१८ साली त्या वारल्या, तोवर त्यांची कीर्ती परदेशांत गेली होती. तुम्ही हातात धरले आहे तसल्याच एका साप्ताहिकातून हे सुरू झाले, याची मला गंमत वाटते.

नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. तो बारा दिवस चालतो आणि ६ जानेवारीला उतरतो. त्या दिवसाला तिकडे 'नॉलिग ना मॉन' म्हणतात, म्हणजे बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरी या परगण्यांत ही रीत विशेष टिकून आहे. बारा दिवस बायका राबल्या, आता आज पुरुषांनी चूल सांभाळायची आणि बायकांनी एकमेकींकडे जायचे, चहा प्यायचा, बेदाण्याचा केक खायचा. जुन्या काळी काही ठिकाणी आदल्या रात्री बारा काड्यांचे दिवे शेणाच्या गोळ्यात खोवून लावीत. दिवाळीत शेणाचे पांडव मांडणाऱ्या आपल्या माणसांना हे ऐकून आपलेपणा वाटेल.

त्या दिवशी आम्ही पुन्हा मॅक्रूमला गेलो. दार उघडले ते आजीबाईंच्या मुलाने, कमरेला फडके बांधून. बटाटे सोलायचे काम माझ्याकडे आले. आमची मंडळी आजीबाईंबरोबर शेजारच्या घरी चहाला गेली. मागे आम्ही दोन पन्नाशीतले बाप्ये. रस्सा खाली लागला, बटाटे फुटले आणि मीठ दोघांनीही घातले. बायका परतल्या, मुकाट्याने जेवल्या आणि कुणी नाव ठेवले नाही. आजीबाई एवढेच म्हणाल्या, "वर्षातला एक दिवस मी चूक काढत नाही."

मी भांडी घासता घासता त्यांच्या मुलाला विचारले, "एका दिवसाने काय होतं?"

तो म्हणाला, "फार नाही. म्हणून आमच्या दुधाच्या खात्यावर आता दोघांची नावं आहेत."

आम्ही परतलो तेव्हा संक्रांत आली होती. गावी धाकट्या भावाकडे गेलो. त्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. गूळपोळी खाता खाता मी सहज विचारले, "दर दहा दिवसांचं दूधबिल कुणाच्या नावावर येतं?"

"माझ्या. सभासद मीच की," भाऊ म्हणाला.

भावजय आतून म्हणाली, "दादा, म्हशीला मात्र ठाऊक आहे बरं का, हात कुणाचा ते."

भाऊ काही बोलला नाही. दोन दिवस त्याने तो विषय टाळला. मीही रेटला नाही, कारण त्याच्या जुन्या कर्जाच्या अर्जावर माझ्याच अक्षरात त्याचे एकट्याचे नाव आहे. निघायच्या दिवशी मात्र तो स्टँडवर सोडायला आला आणि म्हणाला, "पाडव्यापासून दोन म्हशींचं दूध तिच्या नावावर घालू म्हणतो. सभासद व्हायला काय काय कागद लागतात?" मी तिथेच, एस.टी.च्या तिकिटाच्या पाठीवर, यादी लिहून दिली.

घरी ताकाची भाकर आता महिन्यातून एकदा होते. ती मी करतो. पहिल्या दोन वेळा कडक झाली, कारण हात मळल्यावाचून राहीना. तुम्ही करून पाहा, आणि भाकर भाजेस्तोवर जो तासभर मिळतो, त्यात आपल्या घरचे दूधबिल कुणाच्या नावावर येते, तेवढे पासबुक काढून पाहा.